कळा सुरू असताना रक्तातली साखर: किती वेळाने मोजायची, कशी मोजायची आणि आकडा आल्यावर काय करायचं

गरोदरपणातला मधुमेह असलेली बाई कळा घेऊन दाखल होते. बोट टोचलं जातं, आकडा येतो १६८. तो केसपेपरवर लिहिला जातो आणि त्यानंतरचा आकडा थेट बाळंतपण झाल्यावर. मधल्या आठ तासांत सासूने दोनदा साखरेचा चहा पाजलेला असतो आणि कळा वाढवायचं औषध ग्लुकोजच्या सलाईनमधून चाललेलं असतं. तासाभराने बाळ दूध ओढत नाही, हातपाय थरथरतात, मग सगळ्यांची पळापळ. मशीन होतं, पट्ट्या होत्या, इन्सुलिनही फ्रिजमध्ये होतं. चुकला तो क्रम.

हा लेख खानदेशातल्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांच्या लेबर रूममध्ये काम करणाऱ्या सिस्टर आणि मेडिकल ऑफिसरांसाठी आहे. घरच्यांनी करायच्या गोष्टी त्या त्या ठिकाणी सांगितल्या आहेत. इन्सुलिन द्यायचं की नाही आणि किती, हा निर्णय डॉक्टरांचाच. तुमच्या रुग्णालयाचा लेखी तक्ता असेल तर तोच पाळा; एका बाईवर दोन तक्ते चालवू नका.

साखरेचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. कळांमध्ये साखर साधारण ७० ते ११० मध्ये राहावी. १२० ओलांडली की इन्सुलिनचा विचार सुरू होतो. कारण असं, की आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईचं इन्सुलिन जात नाही. जास्तीची साखर सांभाळायला बाळाचं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन भरपूर सोडतं. नाळ कापली की साखरेचा पुरवठा एका क्षणात बंद होतो, बाळाच्या रक्तातलं इन्सुलिन मात्र तसंच असतं. म्हणून नऊ महिने साखर उत्तम सांभाळलेल्या आईचं बाळसुद्धा शेवटच्या सहा तासांतल्या ढिलाईने अडचणीत येऊ शकतं.

१. कळांच्या आधी: जागा, कार्ड आणि पिशवी

फक्त आहारावर साखर ताब्यात असलेल्या बाईचं बाळंतपण जिथे चोवीस तास डॉक्टर आणि साखर मोजायची सोय आहे तिथे होऊ शकतं. इन्सुलिन घेणारी, जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या खाली न येणारी किंवा दिवसाला २० युनिटपेक्षा जास्त इन्सुलिन लागणारी बाई सिझेरियनची आणि नवजात बाळाची सोय असलेल्या रुग्णालयातच हवी. तिने ठरलेल्या तारखेच्या किमान आठवडाभर आधी तिथे पोचावं. धडगाव, मोलगी, तोरणमाळ या बाजूच्या बाईला पावसाळ्यात कळा सुरू झाल्यावर घाट उतरायला लावणं म्हणजे साखर गाडीत मोजायची वेळ आणणं. आशाताईंनी हे ३६ व्या आठवड्यातच घरच्यांशी बोलून ठेवावं.

माता-बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्याच पानावर ठळक लिहा: गरोदरपणातला मधुमेह, आहार, मेटफॉर्मिनची गोळी की इन्सुलिन, कोणतं इन्सुलिन, किती युनिट, किती वाजता, शेवटचं हिमोग्लोबिन, सिकलसेलची तपासणी झाली का आणि निकाल काय. नंदुरबार आणि सातपुड्याच्या पट्ट्यात शेवटच्या दोन नोंदी शोभेच्या नाहीत. त्यांचं काम चौथ्या टप्प्यात येतं.

कळा आणायची तारीख ठरली असेल तर आदल्या रात्रीचं जेवण आणि औषध डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्यायचं. त्या दिवशी सकाळचं मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन घ्यायचं नाही. इथे हमखास गोंधळ होतो. बाई घरून निघताना नेहमीसारखं इन्सुलिन टोचून येते, नाश्ता मात्र "दवाखान्यात उपाशी यायचं असतं" म्हणून टाळते. मग दाखल होताना साखर ५८.

२. ट्रे आधी भरून ठेवा

ट्रेमध्ये पुढच्या वस्तू हव्यात:

- ग्लुकोमीटर, त्याच कंपनीच्या पट्ट्या, एकदाच वापरायचे लॅन्सेट, कोरडा कापूस
- प्लेन इन्सुलिनची कुपी आणि तिच्याशी जुळणाऱ्या इन्सुलिन सिरिंज
- नॉर्मल सलाईन ५०० मिलीच्या दोन बाटल्या, आरएल (रिंगर लॅक्टेट), ५ टक्के डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं सलाईन)
- २५ टक्के डेक्स्ट्रोज. बाळासाठी १० टक्के डेक्स्ट्रोज
- ग्लुकोज पावडर, चमचा, पेला
- लघवीतले कीटोन तपासायच्या पट्ट्या
- बाटलीवर चिकटवायची लेबलं, पेन आणि भिंतीवर चालू घड्याळ

घड्याळ हसण्यावारी नेऊ नका. मोबाइलवर वेळ पाहून नंतर आठवणीने लिहिलेल्या नोंदींत "दर दोन तासांनी"चे साडेतीन तास कधी होतात कळत नाही.

उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास जातो. बहुतेक पट्ट्या ३० अंशांपर्यंतच ठेवायच्या असतात आणि मशीनही साधारण ४० अंशांपुढे चूक दाखवतं किंवा बंद पडतं. नेमकी मर्यादा डबीवर छापलेली असते, ती वाचा. पट्ट्यांची डबी खिडकीत, ऑटोक्लेव्हजवळ किंवा बाळाच्या वॉर्मरच्या कडेवर ठेवू नका. वॉर्मरची कडा हाताशी असते म्हणून डबी हटकून तिथेच जाते. डबी फ्रिजमध्येही नको, कारण बाहेर काढल्यावर पट्टीवर दमटपणा धरतो. पट्टी काढली की झाकण लगेच लावा आणि डबी उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. उघडल्यानंतर किती महिने चालते तेही डबीवरच असतं.

इन्सुलिनची न उघडलेली कुपी फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावी, पण बर्फाच्या कप्प्याला टेकवून नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला नेहमीसारखं असतं, काम करत नाही.

तपासा: कुपीवर किती युनिट प्रति मिली लिहिलंय? आपल्याकडच्या बहुतेक कुप्या ४० युनिट प्रति मिलीच्या असतात. त्यांना लाल टोपीची सिरिंज लागते. नारिंगी टोपीची सिरिंज १०० युनिटवाल्या इन्सुलिनची. नारिंगी सिरिंजने ४० वाल्या कुपीतून "८" च्या खुणेपर्यंत ओढलं तर हातात येतात जेमतेम ३.२ युनिट. उलट झालं तर जास्त घातक: १०० वालं इन्सुलिन लाल सिरिंजने "८" पर्यंत ओढलं की २० युनिट जातात. ट्रेमध्ये एकाच ताकदीचं इन्सुलिन आणि एकाच रंगाच्या टोप्या ठेवल्या तर ही चूक व्हायला जागाच उरत नाही.

३. दाखल होताना पहिल्या दहा मिनिटांत

बोट टोचण्याआधी पुढचे प्रश्न विचारा आणि उत्तरं वेळेसकट लिहा.

शेवटचं काय खाल्लं-प्यायलं आणि किती वाजता? "जेवलीस का?" असं विचारलं तर "नाही" असं उत्तर येतं, कारण चहा-बिस्कीट, केळं, उसाचा रस हे कोणी जेवणात धरत नाही. अहिराणी बोलणाऱ्या बाईला "माय, सकायपाईन काय खादं, काय पिदं?" असं विचारा, मग सगळी यादी निघते. पावरी किंवा भिली बोलणारी असेल तर सोबतच्या आशाताईंकडून विचारून घ्या.

शेवटचं इन्सुलिन किंवा गोळी कधी घेतली, किती आणि कोणती? डबी, कुपी किंवा पेन प्रत्यक्ष बघा.

बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन दिलंय का? डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोनने साखर चढते. डेक्सामेथासोनचे ६ मिलिग्रॅमचे चार डोस १२-१२ तासांनी दिले जातात. त्यानंतर ७२ तास साखरेवर जास्त लक्ष ठेवावं लागतं. दुसऱ्या दवाखान्यातून पाठवलेल्या बाईच्या चिठ्ठीत याची नोंद बहुधा मागच्या बाजूला असते.

येताना कोणतं सलाईन लावलं होतं? गाडीत डेक्स्ट्रोज चालू असेल तर पहिला आकडा त्याच्यासकट वाचायचा.

मधुमेह या गरोदरपणातला की आधीपासूनचा, हेही इथेच स्पष्ट करा. टाइप १ मधुमेह असलेल्या बाईचं इन्सुलिन पूर्ण थांबवायचं नसतं. तिच्यासाठी पुढचा तक्ता जसाच्या तसा वापरू नका, फिजिशियनला बोलवा.

४. बोट टोचणं

आकडे इथे जितके बिघडतात तितके दुसरीकडे कुठेच बिघडत नाहीत.

१) बाईचे हात साबण-पाण्याने धुवून कोरडे करा. केळं सोललेल्या, ग्लुकोजचं पाणी ढवळलेल्या किंवा गुळाला लागलेल्या बोटावरचा आकडा सहज ४०-५० ने, कधी त्याहून जास्त चढतो. स्पिरिटच्या बोळ्याने साखर निघत नाही. शिवाय ओलं स्पिरिट थेंबात मिसळलं तर आकडा वेगळाच येतो. पाणी नसेल तर ओल्या कापसाने पुसा, कोरडं करा, पहिला थेंब पुसून टाका आणि दुसरा घ्या.

२) सलाईन लावलेल्या हाताचं बोट घेऊ नका. रक्तदाबाचा पट्टा ज्या हाताला आहे तोही टाळा. दोन्ही हात अडकलेले असतील तर आधी पट्टा काढा.

३) मधल्या किंवा अनामिकेच्या टोकाच्या कडेला टोचा. मधोमध जास्त दुखतं आणि थेंबही चांगला येत नाही.

४) थेंब आपसूक येऊ द्या. हात खाली लोंबवा, तळव्याकडून बोटाकडे हलकं चोळा. सूज असलेलं बोट पिळलं की रक्तात आजूबाजूचं पाणी मिसळतं आणि आकडा खोटा कमी येतो. बीपी वाढलेल्या, हातापायांना सूज असलेल्या बायकांत ही चूक फार होते.

५) थेंब पट्टीला टेकवा आणि पट्टीला तो आत ओढू द्या. वरून दुसरा थेंब घालू नका. कमी पडला तर नवी पट्टी घ्या. पट्टी वाचवायच्या नादात पुढचे चार तास चुकीच्या आकड्यावर जातात.

६) आकडा, वेळ, कोणतं सलाईन चालू आहे आणि शेवटचं खाणं, या चार गोष्टी एका ओळीत पार्टोग्राफवरच (कळांची प्रगती नोंदवायच्या तक्त्यावर) लिहा. साखरेसाठी वेगळा कागद केला की तो हरवतो.

थांबा: हिमोग्लोबिन पाहिलंत का? रक्तक्षय असेल तर ग्लुकोमीटर खऱ्यापेक्षा जास्त साखर दाखवू शकतं. पट्ट्यांसोबतच्या कागदावर हिमॅटोक्रिटची, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या टक्केवारीची, मर्यादा दिलेली असते. हिमोग्लोबिनची तिप्पट केली की हिमॅटोक्रिटचा अंदाज येतो. हिमोग्लोबिन ७ म्हणजे साधारण २१ टक्के, आणि बऱ्याच पट्ट्यांची मर्यादा त्याहून वर सुरू होते. अशा बाईचा १४५ हा आकडा खरा धरून इन्सुलिन लावलं तर साखर खाली घसरू शकते. म्हणून इन्सुलिन सुरू करण्याआधी एक शिरेतला नमुना प्रयोगशाळेत पाठवा, फ्लोराइडच्या म्हणजे करड्या टोपीच्या बाटलीतच. साध्या बाटलीत ठेवलेल्या रक्तातल्या पेशी साखर खात राहतात आणि तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते. सिकलसेलच्या बाईत एचबीएवनसीवरही (मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीवर) विसंबू नका. तिच्या लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे तो आकडा फसवा निघतो.

बाई शॉकमध्ये असेल, हातपाय गार पडले असतील तर बोटाच्या आकड्याला अर्थ नाही. शिरेतलंच रक्त घ्या.

५. किती वेळाने मोजायचं

आहारावरच साखर ताब्यात असेल तर दाखल होताना, मग कळा बारीक असेपर्यंत दर ४ तासांनी आणि जोरात सुरू झाल्यावर दर २ तासांनी. मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिनवर असलेल्या बाईला सुरुवातीपासून दर २ तासांनी. इन्सुलिनची ड्रिप चालू असेल तर दर तासाला, यात सूट नाही.

वेळापत्रकाबाहेर कधी मोजायचं तेही ठरलेलं असू द्या: घाम, थरथर, चक्कर, चिडचिड किंवा गोंधळलेलं बोलणं दिसलं की, सलाईन बदललं की तासाभराने, उलटी झाल्यावर, सिझेरियनला नेण्याआधी. मे महिन्यात लेबर रूममध्ये घाम सगळ्यांनाच येतो आणि कळांत थरथरही होते. म्हणून "कळांमुळेच असेल" असा अंदाज बांधू नका. मोजायला अर्धं मिनिट पुरतं.

नातेवाइकांसाठी: कळा बारीक असताना डॉक्टर परवानगी देतील तेवढं हलकं खायला हरकत नसते, पण काय दिलं ते सिस्टरला सांगून. साखरेचा चहा, ग्लुकोज बिस्किटं, "ताकद यावी" म्हणून शिरा किंवा गोड दूध परस्पर देऊ नका. साधं पाणी, बिनसाखरेचं ताक चालतं. पूर्ण उपाशी ठेवणंही बरं नाही. लांबलेल्या कळांत पोटात काही नसेल तर शरीर चरबी जाळतं आणि कीटोन वाढतात.

६. सलाईन आणि इन्सुलिन

प्रत्येक आकड्याला आधी ठरलेलं एक उत्तर हवं. भारत सरकारच्या मार्गदर्शक सूचनांमधली पद्धत साधी आहे: ५०० मिली नॉर्मल सलाईन, त्यात प्लेन इन्सुलिन, वेग तासाला १०० मिली.

- ९० ते ११९: नुसतं सलाईन, इन्सुलिन नाही
- १२० ते १३९: ५०० मिलीत ४ युनिट, म्हणजे तासाला ०.८ युनिट
- १४० ते १७९: ५०० मिलीत ६ युनिट, म्हणजे तासाला १.२ युनिट
- १८० आणि वर: ५०० मिलीत ८ युनिट, म्हणजे तासाला १.६ युनिट

७० ते ८९ असेल तर इन्सुलिन नाहीच. कळा जोरात असून तोंडाने काही जात नसेल तर डॉक्टरांना विचारून ५ टक्के डेक्स्ट्रोज तासाला १०० मिलीने लावा आणि अर्ध्या ते एका तासात पुन्हा मोजा.

बाटली बनवण्याचा क्रम:

१) इन्सुलिन पाण्यासारखं नितळ आहे ना, ते उजेडात धरून बघा. शिरेतून फक्त प्लेन इन्सुलिन जातं. गढूळ दिसणारं, ३०-७० चं मिश्र किंवा लांब पल्ल्याचं इन्सुलिन बाटलीत कधीही नाही.

२) दोघींनी मिळून युनिट तपासा, एकीने मोठ्याने वाचा. ४० वाल्या कुपीतून ४ युनिट म्हणजे ०.१ मिली, ६ म्हणजे ०.१५, ८ म्हणजे ०.२ मिली. साध्या २ मिलीच्या सिरिंजने एवढं नेमकं ओढता येत नाही, इन्सुलिन सिरिंजच लागते.

३) बाटलीत घातल्यावर ती चार-पाच वेळा उलटी-सुलटी करा. न हलवलेल्या बाटलीत इन्सुलिन एका जागी राहतं आणि बाईला ते एकदम तरी मिळतं किंवा मिळतच नाही.

४) लेबल लावा: नाव, किती युनिट, किती वाजता, कोणी बनवलं.

५) सेटमधून पहिले २० मिली वाहू देऊन टाकून द्या. इन्सुलिन प्लास्टिकला चिकटतं. हे न केल्यास पहिल्या तासात बाईला कमी इन्सुलिन मिळतं आणि उगाचच डोस वाढवला जातो.

६) थेंब मोजा. याच ठिकाणी एक जुनी चूक मुरलेली आहे. तक्त्यांमध्ये "१०० मिली तासाला, १६ थेंब" असं लिहिलेलं सापडतं. ते गणित १० थेंबांना १ मिली होणाऱ्या सेटचं आहे. सेटच्या पाकिटावर २० थेंब प्रति मिली लिहिलं असेल तर मिनिटाला ३३ थेंब हवेत, १५ चा सेट असेल तर २५, मायक्रो सेट (६० थेंब प्रति मिली) असेल तर १००. वीसच्या सेटवर १६ थेंब ठेवले तर तासाला ४८ मिलीच जातात, म्हणजे इन्सुलिन निम्मं. पाकीट फेकण्याआधी वाचा आणि आकडा बाटलीवर लिहा. इन्फ्युजन पंप असेल तर प्रश्नच मिटतो, फक्त बॅटरी बघून ठेवा.

थांबा: अर्धी संपलेल्या बाटलीत वरून इन्सुलिन घालू नका. ४ युनिटची बाटली चालू आहे, २०० मिली उरलंय आणि आकडा १५० आला. "४ चे ६ करायचे" म्हणून २ युनिट घातले. उरलेल्या २०० मिलीत आधीचे १.६ युनिट होते, आता ३.६ झाले. ५०० मिलीच्या हिशेबाने हे ९ युनिट, म्हणजे १८० च्या वरच्या पायरीपेक्षाही जास्त. पायरी बदलली की नवी बाटली बनवायची, जुनी टाकून द्यायची. सलाईन वाया गेलं म्हणून कोणी बोललं तर बोलू द्या.

थांबा: कळा वाढवायचं ऑक्सिटोसिन आणि इन्सुलिन एका बाटलीत नाही, एका नळीतही नाही. ऑक्सिटोसिनचा वेग दर अर्ध्या तासाने बदलतो, तसं इन्सुलिनही बदलत जाईल. ऑक्सिटोसिन नॉर्मल सलाईन किंवा आरएलमध्ये द्या. ते डेक्स्ट्रोजमध्ये घालायची जुनी सवय अजून बऱ्याच ठिकाणी आहे. मग एका हाताने साखर द्यायची आणि दुसऱ्या हाताने इन्सुलिन, असा प्रकार रात्रभर चालतो.

आकडा १२० च्या खाली आला की इन्सुलिनची बाटली बंद, साधं सलाईन चालू, तासाभराने पुन्हा मोजा. शिरेतल्या इन्सुलिनचा परिणाम लवकर ओसरतो, त्यामुळे आकडा परत चढू शकतो. चढला तर पुन्हा तक्ता.

सलग दोन आकडे १८० च्या वर आले, तर आधी स्वतःची तपासणी करा: हात धुतले होते का, हात सलाईनचा होता का, थेंब बरोबर आहेत का, इन्सुलिन उन्हात पडलेलं तर नाही ना. हे सगळं ठीक असेल तर लघवीत कीटोन बघा आणि फिजिशियनला कळवा. उलट्या, खोल जोराचा श्वास, सुस्ती आणि कीटोन असतील तर ती तातडी आहे. गरोदरपणात साखर फार चढलेली नसतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं.

पुढे पाठवायची वेळ आली आणि गाडीत थेंब मोजणारं, साखर बघणारं कोणी नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने इन्सुलिनची बाटली बंद करून साधं सलाईन ठेवा. टाइप १ च्या बाईला हा नियम नाही, तिच्यासोबत सिस्टर हवीच. ग्लुकोमीटर, चार पट्ट्या आणि ग्लुकोज पावडर गाडीत द्या. चिठ्ठीत शेवटचे तीन आकडे वेळेसकट लिहा.

७. साखर ७० च्या खाली गेली तर

इन्सुलिन ताबडतोब बंद. बाई शुद्धीत आहे आणि गिळू शकते, तर तीन चमचे ग्लुकोज पावडर, साधारण १५ ग्रॅम, पेलाभर पाण्यात विरघळवून पाजा. पावडर नसेल तर तेवढीच साखर. १५ मिनिटांनी पुन्हा मोजा आणि अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच द्या. चॉकलेट, लाडू किंवा दूध-तूप इथे उपयोगाचं नाही, कारण तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

गिळता येत नाही, शुद्ध हरपतेय किंवा सिझेरियनसाठी उपाशी ठेवलंय, तर शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज ५० ते १०० मिली, नंतर ५ टक्क्यांचं चालू. कॅन्युला नीट शिरेत आहे याची आधी खात्री करा. इतकं दाट डेक्स्ट्रोज शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते.

८. सिझेरियन असेल तर

ठरवून करायचं असेल तर यादीत पहिला नंबर घ्या, म्हणजे उपास लांबत नाही. नेण्याआधी साखर मोजा. कमरेत भूल देताना धावतं सलाईन डेक्स्ट्रोजचं नको. बाळ निघण्याच्या ऐन आधी आईला साखरेचा लोंढा दिला तर तासाभराने तीच अडचण बाळात दिसते.

९. वार पडल्यावर

गरोदरपणातल्या मधुमेहात इन्सुलिनची गरज वार पडताच झपाट्याने उतरते. वार पूर्ण पडली की इन्सुलिनची बाटली बंद करा. ड्रिप चालू ठेवून टाके घालायला बसणं आणि अर्ध्या तासाने बाई घामाने डबडबणं, हा क्रम ओळखीचा आहे. रक्तस्राव समजून धावपळ होते आणि साखर सगळ्यात शेवटी मोजली जाते. दोन्ही एकदमच बघा.

बाळंतपणानंतर दोन तासांनी एक आकडा घ्या. मग बाईला जेवू द्या.

१०. बाळ: पहिला तास

साखरेसाठी बाळाला आईपासून दूर नेऊ नका. पुसून कोरडं करा, आईच्या उघड्या छातीवर ठेवा, वर कापड झाका, डोक्याला टोपी घाला. गारठलेलं बाळ साखर भराभर जाळतं. पहिलं दूध लवकरात लवकर, तासाभराच्या आत. आकड्यासाठी दूध अडवायचं नाही.

पहिली तपासणी जन्मानंतर १ तासाने. पुढे दर ४ तासांनी, दूध पाजण्याच्या आधी, सलग चार आकडे ठीक येईपर्यंत. टाच कोमट करून कडेला टोचा, मधोमध नाही.

आकडा ४५ च्या खाली, पण बाळ जागं आहे आणि ओढतंय, तर लगेच अंगावर पाजा किंवा काढलेलं दूध वाटी-चमच्याने द्या आणि अर्ध्या ते एका तासात पुन्हा मोजा. २५ च्या खाली असेल, किंवा आकडा ४५ च्या खाली कितीही असो पण थरथर, मलूलपणा, दूध न ओढणं, चिरका किंवा मंद रडणं, श्वास थांबणं, झटके यांपैकी काही दिसलं, तर १० टक्के डेक्स्ट्रोज किलोला २ मिली शिरेतून सावकाश आणि एसएनसीयूला (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षाला) कळवा. तीन किलोच्या बाळाला ६ मिली. पुढची ड्रिप किलोला मिनिटाला ६ मिलिग्रॅमच्या वेगाने, म्हणजे १० टक्क्यांचं डेक्स्ट्रोज किलोला तासाला ३.६ मिली, तीन किलोला साधारण ११ मिली. प्रयोगशाळेचा नमुना पाठवा, पण निकालाची वाट बघत उपचार थांबवू नका.

थांबा: २५ टक्के डेक्स्ट्रोज बाळाला तसंच देऊ नका. १० टक्क्यांचं नसेल तर ४ मिली २५ टक्के आणि ६ मिली निर्जंतुक डिस्टिल्ड वॉटर मिसळलं की १० मिली १० टक्क्यांचं होतं.

घरच्यांसाठी: मध, गूळपाणी, घुटी काहीच चाटवायचं नाही. "साखर कमी आलीय ना, मग गोड देऊ" हा विचार सहज सुचतो, पण मधातून जंतुसंसर्ग होऊ शकतो. बाळाचं पोट चिकानेच भरायचं.

११. तिसरा दिवस आणि सहावा आठवडा

इतर बाळंतिणींसारखं ४८ तासांत घरी सोडू नका. तिसऱ्या दिवशी उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर बघून मगच सुट्टी. त्या दिवशी डिंकाचे लाडू आणि गोड शिरा बाजूला राहू द्या. तिने नेहमीची भाकरी-भाजी, वरण खाल्लं तरच आकडा खरा.

सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी होते. बाई तोवर माहेरी गेलेली असते किंवा ऊसतोडीला, गुजरातकडे कामाला निघून जाते आणि ही तपासणी राहते. बाळाच्या पेंटाव्हॅलंट लसीचा पहिला डोसही सहा आठवड्यांनीच असतो. म्हणून सुट्टी देतानाच कार्डावर दोन्हींची एकच तारीख घाला, आणि माहेरचं गाव व तिथल्या आशाताईंचं नाव विचारून लिहून घ्या.

आदल्या रात्रीपासून ८ तास उपाशी, फक्त पाणी. सकाळी एक रक्त, मग ७५ ग्रॅम ग्लुकोज साधारण ३०० मिली पाण्यात, ५ ते १० मिनिटांत संपवायचं. पहिल्या घोटापासून दोन तास मोजायचे आणि मग दुसरं रक्त. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्यानंतर झाली तर तपासणी चालू ठेवायची. दोन तासांचा आकडा १४० च्या खाली असेल तर ठीक, १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, २०० किंवा जास्त, अथवा उपाशीपोटी १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. मधल्या दोन तासांत बाई बसून राहील, बाळाला पाजेल. बाजाराला जाऊन यायचं नाही आणि दवाखान्याबाहेरचा चहासुद्धा नाही.